गेन्झोची अर्धी वाट

हॅलो? … हॅलो, कोण बोलतंय? … थांबा हं जरा, कानटोपी काढते, काही ऐकूच येत नाहीये… हां. बोला आता.

तोमिए? अगं, तू होय! … नाही गं, झोपते कशाला भरदुपारी? आत्ताच बाहेरून आले. पायातले बूटसुद्धा काढलेले नाहीत. … हो, दारातच उभी आहे. फोन अजून इथेच आहे ना, गारठ्यात. तुझ्या भावजींनी बसवला तो बसवला. बायकांनी फार वेळ बोलत बसू नये म्हणून… हो ना. ते गेले, गारठा तेवढा ठेवून गेले.

कुठे दाखवला? … टीव्हीवर? आमच्या डोंगरातला बर्फ? … बरं, मग? … 'सुंदर'? … काय म्हणालीस, परत म्हण… 'बघितला की जीव तुटतो'? अगं बाई, तुला काय जातंय म्हणायला! तिकडे कागोशिमात उन्हात बसून संत्री सोलायची, नि बर्फासाठी जीव तोडायचा. इथे ये. फावडं देते हातात, मग बघू काय काय तुटतं ते. आधी कंबर तुटेल.

… हो, हो… अगं ऐक ना… तोमिए, ऐक. थांब जरा. मला एक सांगायचंय. बसली आहेस ना तू? … मग बस आधी.

गेन्झो गेला.

… गेन्झो गं. 'कोण गेन्झो' काय विचारतेस, आपल्या वाडीत किती गेन्झो होते? वरच्या घरातला. शाळेत जाताना तुझ्यापुढे चालायचा तो.

… हो.

… हो, तोच. … मला काल सकाळी कळलं. तो मात्र आधीच गेला होता.

… हॅलो? आहेस ना? … बरं. रड थोडं. मी आहे इथे.

… नाही, आजारी कुठला, गेल्या आठवड्यापर्यंत छपरावर चढून फावडं मारत होता. झोपेत गेला. डॉक्टर म्हणाले, काही कळलंही नसेल त्याला. पोलीस येऊन बघून गेले. एकटं माणूस घरात गेलं की यावं लागतं म्हणे त्यांना. … आहे, घरातच ठेवलाय. उत्तरेकडे डोकं करून. मुलगा सेन्दाईहून निघालाय, पण खिंडीत रस्ता बंद आहे, संध्याकाळपर्यंत पोचेल. उद्या खाली दहनाला नेणार. … मीच बसलेय कालपासून. आत्ता खालच्या गावातल्या दोघी आल्यात, त्यांना बसवलं आणि तांदूळ न्यायला घरी आले. उदबत्ती विझू द्यायची नसते ना… त्यामुळे फार वेळ नाही बोलता यायचं.

नाही नाही, ठेवू नकोस! … बोल ना थोडं. कालपासून नुसती पोलिसांशी नि डॉक्टरांशी बोलतेय. 'शेवटचं कधी पाहिलंत, आजी? कुठे पाहिलंत, आजी?' … आजी म्हणजे मीच, दुसरी कोण?

कसं कळलं म्हणजे… वाटेवरून कळलं. … वाट आठवते ना तुला? बाबा उजाडायच्या आधी उठून तुडवायचे ती? … हां, तीच. … अगं हो, अजून तुडवतो आम्ही! … तुडवायचो. … बर्फ काढायचं यंत्र येतं, पण ते माझ्या दारापर्यंत. तिथून वर गेन्झोच्या घरापर्यंत पायवाटच आहे, यंत्र कसं चढणार? … अगदी तेच बूट, भाताच्या पेंढ्याचे, पोत्याएवढे. पाय आत घालायचे, दोरीने वर धरायचे, आणि धप धप करत ताजा बर्फ दाबत जायचं. माझा जोडसुद्धा गेन्झोनेच विणलेला. 'तुझ्या नवऱ्याला विणता येत नव्हतं, निदान तू नीट वापर,' असं म्हणून दिला होता मेल्याने. … अगंबाई. मेला म्हणाले का मी?

… नाही, हसत नाहीये. … हसतेही आहे थोडी. सोड.

तर पूर्वी अख्खी वाडी तुडवायची ना, या घरापासून त्या घरापर्यंत? आता घरंच दोन राहिली. त्यामुळे मी माझ्या दारापासून वर जिझोपर्यंत, आणि तो त्याच्या दारापासून खाली जिझोपर्यंत. अर्धी माझी, अर्धी त्याची. … हो, तोच वाटेवरचा दगडी जिझो, लाल लाळेऱ्याचा. देवाला लाळेरं आता मीच शिवते, दुसरं आहे कोण? … त्याच्यापाशी भेटायचो. रोज. बर्फ पडला की रोज.

काय बोलणार? … सांगू काय बोलायचो? तो म्हणायचा, 'पडला.' मी म्हणायची, 'पडला.' झालं. … खरंच! फार मूडमध्ये असला तर म्हणायचा, 'तुझी वाट म्हणजे पेज आहे नुसती, पाय रुततो.' मी म्हणायची, 'आणि तुमची इतकी अरुंद, की मांजरानेसुद्धा अंग चोरून जावं.' मग तो फिरायचा वर, मी खाली. चहा प्यायला 'ये' नाही की काही नाही. तुला माहीतच आहे तो… हो, तेव्हासुद्धा तसाच होता. तोंड म्हणजे कुलूप.

अगं पण ते बोलण्यासाठी नव्हतंच ना. आठव, आई काय करायची सकाळी उठल्या उठल्या? … खिडकीतून वाट बघायची. म्हणजे वाटेकडे बघायची. कुणाची तुडवून झाली, कुणाची नाही. एखाद्याची तशीच राहिली, की बाबांना सांगायची, 'जाऊन या हो त्यांच्याकडे.' … त्या दोन बहिणी राहायच्या त्यांच्याकडे गेले होते ना बाबा, तेव्हा थोरली तापाने फणफणलेली सापडली. … हां. तेच. घड्याळापेक्षा पक्कं होतं ते.

आता ऐक, काय झालं.

गेल्या आठवड्यात इथे ऊन पडलं. … हो, अगं, या महिन्यात! कधी नव्हे ते. निळं आकाश, वारा नाही, छपरावरून टिप टिप पाणी. तुला सांगते तोमिए, मला इतकं बरं वाटलं. नोव्हेंबरपासून खालच्या खिडक्या फळ्या ठोकून बंद, घरात दिवसासुद्धा दिवा लावायचा. हाताची बोटं सुजलेली, रात्री इतकी खाजतात की रडू येतं. आणि एकदम ऊन! सगळ्या गाद्या बाहेर काढल्या. मुळ्याच्या माळा बांधून टांगल्या. पाय मोकळे सोडून पायरीवर बसले आणि म्हटलं, देवा, आता नको पाडूस बाबा. पुरे झाला यंदाचा. … हो. हात जोडून म्हटलं. जिझोला.

आणि बर्फ पडला नाही.

पडला नाही म्हणजे तुडवायला काही नाही. तुडवायला नाही म्हणजे जिझोपाशी जायला नको. आम्हाला भेटायला दुसरं कारणच नव्हतं गं… म्हातारा असेल घरात, उन्हात पडला असेल मांजरासारखा, असं मी म्हणतेय. … दिसत कुठे? देवदारांच्या आड आहे त्याचं घर. फोन त्याला ऐकू यायचा नाही. … दिवाही नाही दिसत, काहीच नाही.

वाट दिसते तेवढी. माझ्या वरच्या खिडकीतून दिसते.

तीच तर सांगतेय… दिवसा ऊन, रात्री कडाक्याची थंडी. वरचा थर वितळायचा आणि रात्री काचेसारखा कडक व्हायचा. तू लहानपणी त्याच्यावरून शेतं ओलांडून धावायचीस ना, सरळ, बांध नाही की कुंपण नाही, तसा. तर तो बर्फ तसा कडक झाला, आणि त्याच्यावर गेन्झोची पावलं तशीच राहिली. आधीची. स्वच्छ. कडा न् कडा उठून दिसत होती. मी रोज सकाळी उठायची, खिडकीतून बघायची… वाट तुडवलेली. म्हणायची, उठलाय म्हातारा. आणि चहा प्यायची.

… जुनी पावलं होती गं ती.

रोज तीच पावलं बघून मी चहा प्यायले. … माझ्या लक्षातच आलं नाही. सत्तर हिवाळे काढले इथे, बर्फ पडला नाही तर पावलं नवी कुठून येणार, एवढं साधं… पण सवय असते ना डोळ्याला. वाट दिसली की झालं. पुढचं डोकं विचारतच नाही.

… डॉक्टरांनी सांगितलंय मला ते. हो. 'ऊन पडलं त्या पहिल्याच रात्री गेले असतील, लगेच कळलं असतं तरी काही करता आलं नसतं.' … कळतंय मला, तोमिए. वाचला नसता. मी वाचवायचं नाही म्हणत. पण तो तिथे पडलेला आणि मी इथे पायरीवर पाय पसरून ऊन खातेय. गाद्या झटकतेय. आणि वर देवाला सांगतेय, बर्फ नको. … नको ना असं व्हायला. एकट्याने इतके दिवस पडून राहायचं… त्याने काय कुणाचं वाईट केलं होतं?

… थांब, नाक पुसते. … हां.

परवा रात्री मग पडला. भरपूर. सकाळी उठले तर गुडघाभर. बूट चढवले, शिव्या घालत. बर्फाला गं. मी रोजच घालते, त्याशिवाय अंगात ऊब येत नाही. तुडवत तुडवत जिझोपर्यंत गेले, त्याच्या डोक्यावरचा बर्फ झाडला, मान वर केली. … आणि वर काही नाही. नुसतं पांढरं. एक पाऊल नाही.

आधी राग आला मला. खोटं कशाला बोलू? म्हटलं, उन्हाने आळसावलाय म्हातारा, आता याची वाट बघत उभं राहा. उभी राहिले. हाका मारल्या. 'गेन्झो-सान! अहो गेन्झो-सान! पडलाय की!' … नाही. काहीच नाही. बर्फात हाक पुढे जात नाही गं, तोंडापाशीच पडते.

मग त्याची वाट तुडवायला घेतली. त्याची अर्धी. आयुष्यात पहिल्यांदा.

आणि तुला सांगू, ती अर्धी नाहीये. … म्हणजे जिझो मध्यावर नाहीये, तोमिए. आपण आपलं म्हणायचो मध्यावर. त्याच्या बाजूची वाट दुप्पट आहे, आणि चढ असा, की दोनदा बसले मी. छाती फुटायची पाळी आली. मला वाटायचं, वरून उतरत येतो, याला काय कष्ट! आणि परत जाताना चढायचं नव्हतं का त्याला? रोज? शहात्तर वर्षांचा माणूस.

… नाही, कधीच नाही बोलला. … आणि अजून एक. हे गेले ना, तुझे भावजी, त्या हिवाळ्यापासून तो जिझोच्या खाली यायला लागला. थोडं खाली, पर्सिमनच्या झाडापर्यंत. माझी तेवढी वाट आयती तुडवलेली असायची. मी काय म्हणाले असेन त्याला? … म्हटलं, 'माझ्या हद्दीत कशाला येता? माझे पाय मोडलेले नाहीत.' … हो ना. तर दुसऱ्या दिवशी बरोबर जिझोपाशी थांबला. एक पाऊल पुढे नाही. … त्याला वाईट वाटलं असेल का गं? … हं. त्याच्या तोंडावरून कधी कळलंय?

दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेले. अंगावर पांघरूण नीट, एक हात बाहेर. स्टोव्ह बंद. झोपताना स्वतःच बंद केला असणार, रॉकेल वाचवायला. उशाशी पेंढ्याचे बूट. … नवे. पूर्ण नाहीत, एकच झाला होता, दुसऱ्याचा तळवाच विणलेला. … लहान मापाचे होते. … हो. माझेच असणार. त्याचा पाय केवढा होता, तुला माहीत नाही का? त्याच्या पावलात तुझी दोन मावायची.

… रडू नकोस, तोमिए. … रड. रड, काही हरकत नाही.

काय? … तुला ते आठवतंय अजून? … हो, तो सगळ्यात पुढे असायचा. धाकट्यांनी त्याच्या पावलावर पाऊल टाकायचं, असं मास्तरांनीच ठरवून दिलेलं. तू मुद्दाम त्याच्या मागे लागायचीस, मला ढकलून… हो हो, ढकललंस! मला बर्फात पाडलं होतंस, कमरेपर्यंत गेले होते मी… तो लहान लहान पावलं टाकायचा? … तुझ्यासाठी? … हे मला माहीत नव्हतं. … कधी बोलली नाहीस. … मग पळालीस कशाला गं? बाबांच्या तोंडावर म्हणालीस, 'जिथे बर्फ नाही तिथलाच नवरा करीन.' आई दोन दिवस जेवली नव्हती.

… हं. … हं. … खरं आहे. बर्फ ओढताना छपरावरून पडलेला मामा तूच पाहिला होतास आधी. मला कुणी जवळ जाऊ दिलं नाही. … नाही, तुला कोण दोष देतंय? मीसुद्धा पळाले असते, पाय निघाला असता तर.

… नाही गं, तसं नको म्हणूस. … 'आता कधी सुंदर म्हणणार नाही' काय? म्हण ना. तू तरी म्हण. मी जन्मभर शिव्या घातल्या त्याला. पाठ मोडली, नवऱ्याचं निम्मं आयुष्य छपरावर गेलं, पोरगा इथे राहीना. पण काल जिझोपाशी उभी राहिले ना, तेव्हा कळलं… त्याच्यामुळेच तर कळायचं आम्हाला, कोण उठलंय, कोण नाही. तो पडत होता तोवर रोज सकाळी मला माहीत असायचं, वर एक माणूस जिवंत आहे. आणि त्यालाही माहीत असायचं, खाली मी आहे. तो पडायचा थांबला, आणि झालं. … आता हे कुणाला सांगायचं? योशिनोरीला सांगितलं तर म्हणेल, आईचं डोकं फिरलं.

केला ना त्याने फोन. तीनदा केला. … रविवारी येतो म्हणतोय गाडी घेऊन. 'आई, आता बस झालं.' त्याचं बरोबर आहे. सून पण चांगली आहे, पण जागा किती त्यांच्याकडे! मला झोपवायला जेवणाचं टेबल उचलून उभं करावं लागतं.

… तुझ्याकडे? … अगं, तुझ्याकडे कशी येऊ? … कायमची? … तुझे यजमान काय म्हणतील? … त्यांनीच विचारलं? कधी? … गेल्या वर्षीच? आणि मला आज सांगतेस? … हो, मी नाहीच आले असते. ते खरं.

… छपराचं काय? दोन हिवाळे बर्फ ओढला नाही की घर बसतं, माहीत आहे ना तुला? त्या खालच्या घराचं बघितलंस ना, मागे आली होतीस तेव्हा? नुसता देव्हाऱ्याचा खांब उभा होता. … आणि आपले आई-बाबा? … बरं, त्यांच्या नावांच्या पाट्या आणता येतील, देव्हारा लहानच आहे. … आणि कोबी पुरलाय बर्फात. मुळे पुरलेत. आत्ता तर गोड व्हायला लागलेत. … हसू नकोस, कोबी म्हणजे काय कमी आहे का!

आणि तुमच्याकडे ती राख पडते ना ज्वालामुखीच्या डोंगरातून? … रोज झाडता? … वाळत घातलेल्या कपड्यांवर? ई. … नाही, राख झाडून कंबर मोडत नाही, तेवढं बरं आहे.

अगं हो, ऐकतेय मी. … ऐकतेय गं. घाई नको करूस. … मी काल रात्री ठरवलं होतं, जायचं नाही. त्याच्या उशाशी बसले होते ना, तेव्हा त्यालाच सांगितलं. म्हटलं, तुम्ही गेलात तरी मी आहे. हिवाळा संपू दे, मग बघू. यंत्र चालवणारे ते काल म्हणाले, एका घरासाठी रोज वर येणं आता अवघड आहे, आजी. तर म्हटलं, रोज नका येऊ. एक दिवसाआड या. मी काय कुठे जाते रोज?

मग आज सकाळी जाग आली. … त्याच्याकडेच होते, पण पहाटे लांब उदबत्ती लावून जरा पडायला घरी आले होते. तर जाग आली, बाहेर बघितलं, पडलेला. पुन्हा गुडघाभर. बूट घातले आणि लागले तुडवायला. जिझोपर्यंत गेले आणि थांबले. … सवयीने. उभी राहिले. तो यायची वाट बघत, चांगला बराच वेळ. नाकातलं पाणी गोठलं. … मग आठवलं.

मग वळून माझ्या घराकडे बघितलं. माझ्या दारापासून माझी वाट आलेली होती वर, छान, रुंद. आणि मला वाटलं… ही कुणासाठी तुडवलीस बाई? तुझी वाट बघून आता कोण म्हणणार आहे, किनुए उठली म्हणून? उद्या ती तशीच राहिली, तर कोण चढून येणार आहे?

… तू फोन करशील. रोज सकाळी. हो. मला माहीत आहे, करशील. आणि मी उचलला नाही तर? तू तिकडे समुद्रापलीकडे बसून काय करणार? ओरडणार? … नाही, तुला नाही बोलत गं. … नाही, तोमिए, तसं नाही. मला मरायची भीती नाही वाटत. ते कुठेही येईल. पण असं मरून पडायचं, नि कुणीतरी खिडकीतून जुनी पावलं बघून निवांत चहा प्यायचा… तेसुद्धा नशिबात नाही आता. चहा प्यायलासुद्धा कुणी नाही इथे.

… हो.

… हो, येते.

… येते म्हणाले ना. … नाही, योशिनोरीकडे नाही, तुझ्याकडेच. रविवारी त्याच्या गाडीतून खाली उतरते, पुढचं त्याला बघू दे विमानाचं वगैरे. उद्या गेन्झोला खाली नेऊ, मग परवा घर आवरते. … आता तू कशाला रडतेस? आता तर येतेय मी! … वेडी कुठली.

हो, गरम कपडे नकोत. … तिथे काय करायचेत, खरंच. … बूट? नको, पेंढ्याचे बूट कशाला आणू तिकडे, शोभेला? ते त्याच्याबरोबर देते उद्या. ते अर्धवट विणलेले पण. त्याच्या मुलाला विचारते.

… हं? … नाही, जायला हवं मला. त्या दोघी थांबल्यात, आणि परत पडायला लागलाय बघ. काच पांढरी झाली. संध्याकाळी त्याचा मुलगा येईल, त्याच्या आत वरपर्यंत तुडवून ठेवायला हवं. दोन्ही अर्धी. … मीच, दुसरं कोण! … बसत बसत जाईन. नाही पडत मी. … बरं बरं, काठी घेते.

तोमिए, एक विचारू? … हसणार नाहीस ना? … नाही, तसं मोठं काही नाही. … तुमच्याकडे बर्फ पडत नाही. मग सकाळी… शेजारचं माणूस उठलंय की नाही, हे कसं कळतं गं तुम्हाला?

… काय म्हणालीस?

… नाही कळत?

… अच्छा.

… नाही, काही नाही. येतेय मी. येतेय म्हणाले ना. ठेव आता तू.